काळ्या कातळातलं होकायंत्र

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे साडेचार व्हायला काही मिनिटं होती. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पाटण तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आजीशेजारी वाकळेत झोपलो होतो. जाग आली ती आवाजानं. डोंगरातून अवजड गाडा धडधडत खाली यावा तसा आवाज, आणि पाठोपाठ मांडणीवरची सगळी पितळी भांडी जमिनीवर. आजीनं मला दंडाला धरून अंगणात ओढलं. मागे वळून पाहिलं तेव्हा गोठ्याकडची भिंत खाली बसली होती.

कोयनेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. आम्ही वाचलो. पुढचे कित्येक दिवस गाव खळ्यात शेकोटीभोवती झोपत होतं. घरातून बाहेर काढलेल्या पहिल्या वस्तूंमध्ये आजीचा पाटा-वरवंटा होता. उघड्यावर चूल मांडून तिनं त्यावर चटणी वाटली आणि मला म्हणाली, "शेषानं कूस बदलली रं पोरा."

शाळेत आम्हांला याहून वेगळं शिकवलेलं होतं. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती, ती निवत गेली, आक्रसली आणि सुकलेल्या लिंबाच्या सालीला सुरकुत्या पडतात तसे तिच्यावर डोंगर उभे राहिले, असं आमच्या पुस्तकात होतं. त्याच पुस्तकात आणखी एक वाक्य होतं: दख्खनचं पठार हा प्राचीन आणि स्थिर भूभाग आहे. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी गुरुजींना विचारलं, "स्थिर आहे तर मग हललं कसं?" गुरुजी प्रामाणिक होते. थोडा वेळ थांबून म्हणाले, "पुस्तक चुकलं असेल."

मंडळी, पुस्तक खरोखरच चुकलं होतं आणि नवं पुस्तक नेमकं त्याच महिन्यात लिहिलं जात होतं. आमची भिंत पडली त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, ३० डिसेंबर १९६७ रोजी, 'नेचर' या ब्रिटिश साप्ताहिकात डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांचा एक लेख छापून आला. पृथ्वीचं कवच म्हणजे ताठ तुकडे आहेत आणि ते गोलावरून सरकतात, हे त्यात गणितानं मांडलं होतं. अमेरिकेत जेसन मॉर्गन त्याच निष्कर्षाला पोचला होता. आज आपण ज्याला भूपट्ट सिद्धांत म्हणतो, तो तिथं उभा राहिला. मला हे कळायला कॉलेज गाठावं लागलं. पुढं मी भूशास्त्रच शिकवत राहिलो. पण या सिद्धांताच्या साक्षीदारांत आजीच्या पाट्याचा काळा दगडही आहे, हे कळलं तेव्हा मला जे वाटलं ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

त्याआधी पृथ्वीच्या पोटात डोकावू. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. माणसानं खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, त्याची खोली १२ किलोमीटर २६२ मीटर. म्हणजे केंद्रापर्यंतच्या वाटेचा जेमतेम पाचशेवा भाग. खणून हे कोडं सुटणारं नव्हतं. पण आपण बाजारात मडकं घेताना ते फोडून बघतो का? बोटानं वाजवून बघतो. पृथ्वी वाजवायला मात्र तेवढाच मोठा हातोडा हवा, आणि तो भूकंपाकडे आहे.

१२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्या भूकंपाच्या नोंदी हजारो किलोमीटर दूर युरोपातल्या यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं की धक्का एकदाच पोचत नाही. आधी वेगवान प्राथमिक लहरी येतात, मागून दुय्यम लहरी, आणि शेवटी पृष्ठभागावरून फिरत येणाऱ्या लहरी. पुढं अनेक भूकंपांच्या नोंदी जमवून १९०६ साली ओल्डहॅम यांनी दाखवून दिलं की पृथ्वीच्या मध्याजवळून जाणाऱ्या लहरींना अपेक्षेहून उशीर होतो. आत काहीतरी वेगळं आहे. आसामातल्या पडझडीतून सुरू झालेल्या अभ्यासानं पृथ्वीला गाभा असल्याचं सांगितलं!

मग चित्र भरत गेलं. १९०९ साली झाग्रेबजवळच्या भूकंपावरून मोहोरोविचिच यांनी कवचाचा तळ शोधला. खंडांखाली हे भूकवच साधारण तीस ते पन्नास किलोमीटर जाड असतं, तर महासागरांखाली फक्त सहा-सात किलोमीटर. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आणि त्याच्याही आत गाभा. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि गाभ्यातून त्या आरपार येत नाहीत. म्हणून बाहेरचा गाभा वितळलेल्या लोहाचा आहे, हे कळलं. त्याच्याही आत घट्ट गोळा आहे, हे डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी १९३६ मध्ये दाखवलं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. आपण लाव्हारसाच्या समुद्रावर तरंगत आहोत, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रावरण हा घट्ट खडकच आहे. पण डांबराचा गोळा हातोड्यानं फुटतो आणि तोच कोपऱ्यात ठेवून दिला तर दिवसेंदिवस बसत, पसरत जातो. प्रावरणाचं वागणं तसं आहे. भूकंपाच्या क्षणभराच्या धक्क्याला ते घट्ट, पण कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात संथपणे वाहणारं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं इथंच अडली होती.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं एक भाषण केलं. आजचे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर दूर सरकले, असं त्याचं म्हणणं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात हे शाळकरी पोरालाही दिसतं. पण वेगेनरनं त्याहून मोठा पुरावा जमवला आणि त्यातला बराचसा आपल्याकडचा होता. ओरिसातल्या तालचेर इथं १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधूंना हिमनदीनं वाहून आणलेल्या गोट्यांचा थर सापडला होता. उन्हाळ्यात जिथं पारा पंचेचाळिशीपार जातो त्या आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही इरईजवळ चुनखडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे मिळाले. जवळजवळ त्याच वयाचे थर दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. त्यांच्या वर कोळसा आणि कोळशात एकाच वनस्पतीची जिभेसारखी पानं, ग्लॉसॉप्टेरिस. या खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून 'गोंडवन' हे नाव मिळालेलं होतं. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी त्यावरूनच १८८५ साली दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला 'गोंडवनलँड' म्हटलं. चांद्याच्या जंगलातलं नाव असं जगाच्या नकाशावर गेलं.

वेगेनरच्या भाषणानंतर महिनाभरातच, फेब्रुवारी १९१२ मध्ये, दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनं वाटेत खडक गोळा केले. पुढं ते सगळे उपासमारीनं आणि थंडीनं गेले. नोव्हेंबरात त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा जवळ सुमारे सोळा किलो दगड होते, मरणाच्या वाटेवरही न टाकलेले. त्या दगडांतही ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती!

तरीही वेगेनरचं कुणी ऐकलं नाही. विरोधकांचा प्रश्न रास्त होता: एवढाले खंड ढकलतंय कोण? वेगेनरनं सुचवलेली बलं फारच दुबळी होती. आर्थर होम्स यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं की प्रावरणातला खडक आतल्या उष्णतेनं अतिशय संथपणे वर-खाली फिरत असावा, चुलीवरच्या आधणासारखा. पण पुरावा कुठून आणायचा? नोव्हेंबर १९३० मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर काही दिवसांतच, वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फावर मोहिमेत मरण पावला. पुढं पंचवीसेक वर्षं त्याची कल्पना बहुतेक विद्यापीठांत चेष्टेचा विषय होती.

आता आपला काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. थरावर थर साचले. आज ते जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे दिसतात. रायगड, अजिंठा, वेरूळ, आपली दीपमाळ, जातं, उखळ, पाटा, सगळं याच बसाल्टाचं. या लाव्ह्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की ते कण त्या वेळच्या, त्या जागच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून कायमचे गोठतात. नुसती उत्तर दिशाच नव्हे, तर झुकावही. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी अधिकाधिक उभी होते, आणि दक्षिण गोलार्धात तिचं उत्तर टोक वर होतं. म्हणजे गोठलेला झुकाव मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. प्रत्येक कातळात एक थांबलेलं होकायंत्र असतं म्हणा ना!

ते वाचण्याएवढं नाजूक यंत्र आलं ते वेगळ्याच कामातून. नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांची कल्पना अशी होती की फिरणारी कोणतीही मोठी वस्तू चुंबक होते. ती तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून सुमारे पंधरा किलो सोनं उसनं आणून त्याचा दंडगोल बनवला आणि अतिसंवेदनशील चुंबकमापक तयार केला. कल्पना खोटी निघाली. १९५२ साली त्यांनी तसं जाहीर केलं, सोनं परत गेलं. पण यंत्र उरलं आणि ते खडकांकडे वळवलं गेलं. त्याच सुमारास केंब्रिजमधला विद्यार्थी टेड आयर्व्हिंग दख्खनच्या काही नमुन्यांवरून सांगत होता की भारत दक्षिणेकडून आला. त्या प्रबंधावर त्याला डॉक्टरेट मिळाली नाही.

१९५६ साली ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांची मोजमापं प्रसिद्ध केली. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्याबरोबर हे काम पुढं नेलं. उत्तर स्पष्ट होतं. आज मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे. हा लाव्हा निवला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंचवीस-तीस अंशांच्या आसपास होती. म्हणजे आपला सह्याद्री पाच हजार किलोमीटर प्रवास करून इथं आला आहे.

दुसरी गंमत अशी की खालच्या थरांतली दिशा वरच्या थरांच्या नेमकी उलटी होती. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात. दख्खनचा लाव्हा साचत असतानाच ती झाली आणि कातळानं तीही टिपून ठेवली.

ही अदलाबदलच पुढं निर्णायक ठरली, तीही आपल्याच समुद्रात. महासागरांच्या तळाशी पर्वतरांगा आहेत आणि अटलांटिकातल्या रांगेच्या माथ्यावर लांबच लांब दरी आहे, हे मेरी थार्प यांनी १९५० च्या दशकात नकाशे काढताना ओळखलं. सहकाऱ्यानं आधी ते हसण्यावारी नेलं. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडलं की तिथं आतून शिलारस वर येतो, नवा तळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकतो. त्याच वर्षी 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं मुंबईच्या नैर्ऋत्येला, अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. ती पाहून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली सांगितलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना तळावर सरळ आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे असणार, कारण तळ निवताना त्या त्या वेळची दिशा गोठवत पुढं सरकतो. पुढच्या तीन-चार वर्षांत हे सगळीकडे पडताळलं गेलं आणि विरोध मावळला.

सिद्धांत थोडक्यात असा. कवच आणि प्रावरणाचा वरचा ताठ भाग मिळून साधारण शंभर किलोमीटर जाडीचे पट्ट होतात. सात मोठे, बाकी लहान. जिथं ते दूर जातात तिथं कार्ल्सबर्गसारख्या रांगा. जिथं समुद्राचा तळ दुसऱ्याखाली बुडतो तिथं खोल खंदक, ज्वालामुखी आणि २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपासारखे महाभूकंप. बुडणारी ती जड कडच मागचा पट्ट ओढते. जिथं ते बाजूबाजूनं घासतात तिथं कॅलिफोर्नियासारखे तडे. आणि जिथं दोन खंड भिडतात तिथं कुणीच बुडायला तयार नसतं. मग हिमालय उभा राहतो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ही टक्कर सुरू झाली, आणि भारत अजून वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगानं उत्तरेकडे रेटतो आहे.

हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं उत्साहानं शिकवलं. त्याच उत्साहात एक वाक्यही सांगत आलो: भूकंप पट्टांच्या कडांवर होतात, आपण पट्टाच्या मध्यावर आहोत, इथं फारसं भय नाही. कोयनेचं काय, असं कुणी विचारलंच तर ते धरणाच्या पाण्यामुळं, म्हणून बाजूला ठेवत असे. ज्याच्या घराची भिंत पडली त्यानं असं सांगावं!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांवर माळवदं कोसळली. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. माझ्या वर्गात त्या भागातला एक मुलगा होता. महिन्याभरानं परत आला तो डोक्याचे केस काढलेला. तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होतात ना, आपल्याकडे भय नाही म्हणून?" आवाजात राग नव्हता. तो नुसतं विचारत होता. मला गुरुजी आठवले. 'पुस्तक चुकलं असेल' एवढं म्हणण्याचीही सोय मला नव्हती. पुस्तक बरोबर होतं, मीच अर्धं वाचलं होतं.

उरलेलं अर्धं असं आहे. दार चौकटीत अडकलं आणि तुम्ही ते रेटलं तर ताण फक्त कडेवर येत नाही, सगळ्या फळीत पसरतो. फळीत जुनी चीर असेल तर ती तिथंही उकलते. हिमालयाशी चाललेल्या रेटारेटीचा ताण सबंध भारतीय पट्टात आहे आणि काळ्या कातळाखालच्या प्राचीन खडकात जुने तडे आहेत. कोयनेला धरणाच्या पाण्यानं आधीच ताणलेल्या तड्याला निमित्त दिलं. तिथं पुढं २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल भोक पाडून हेच तडे तपासण्यात आले. असे भूकंप क्वचित होतात, पण 'क्वचित' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे. त्या वेळच्या अधिकृत नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ साली तो विभागच रद्द झाला. पण त्याआधी कैक पिढ्यांनी गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या हातभर जाड भिंती बांधल्या होत्या. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे लांब दगड नव्हते, आणि डोक्यावर मातीचं वजनदार छप्पर. उन्हाळ्यासाठी उत्तम, पण हलणाऱ्या जमिनीसाठी घातक. त्या रात्री माणसं या भिंतींनी आणि माळवदांनी मारली. भूकंप थांबवता येत नाही, भिंत मात्र नीट बांधता येते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गाचा पहिला तास पट्टांवर आणि दुसरा भिंतींवर असे.

आजीचा पाटा आज माझ्या पुण्याच्या घरी गॅलरीत आहे. त्यावर आता कुणी वाटत नाही. त्याच्या आतलं होकायंत्र अजून शाबूत आहे, पण त्याची साक्ष कुणी घेणार नाही. कारण पाथरवटानं तो कातळातून काढला तेव्हा त्याची कोणती बाजू वर आणि कोणती उत्तरेला होती, याची नोंद नाही. संशोधक घाटातल्या दरडीला बोटभर रुंदीचं गोल भोक पाडून नमुना घेतात, तेव्हा सोडवण्याआधी त्याच्यावर दिशेची खूण करतात ती यासाठीच. आपल्या डोंगरातून कधीच न सुटलेल्या कातळानंच आपल्याला सांगितलं की अख्खा डोंगर प्रवासात आहे.

पुढच्या वेळी घाटातून जाताना दरडीवर अशी गोल भोकं दिसली तर गाडी जरा हळू करा. आणि घरी पोचल्यावर एकदा आपल्या भिंतीही बघून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)